भिंतीचा पाय कोरडा ठेवा

गोव्यात वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा प्रदेशात घराची खरी परीक्षा छपरापेक्षाही जमिनीलगतच्या दोन-तीन फूट भिंतीत होते.

आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. जमिनीतील पाणी त्यातून केशाकर्षणाने वर चढते आणि सोबत क्षार आणते. पाणी वाळले की क्षारांचे स्फटिक मागे राहतात व गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीवरील पांढरी पूड पुष्कळांना बुरशी वाटते; बहुधा ती हेच क्षार असतात.

जुन्या गवंड्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. उंच जोते, लांब वळचण, ओल बाहेर टाकणारा चुन्याचा गिलावा आणि पावसाळ्याआधी भिंतीला बांधलेले नारळाच्या झावळ्यांचे झाप, असा त्यांचा बंदोबस्त असे. आम्ही मात्र काही वर्षांपूर्वी घरातील ओला पट्टा झाकण्यासाठी सिमेंटचा गिलावा करून त्यावर टाइल्स बसविल्या. दोन पावसाळ्यांत ओल टाइल्सच्या वर दिसू लागली आणि देवघराची चौकट वाळवीने पोखरली. पू तसाच ठेवून जखम शिवण्याचाच तो प्रकार होता.

ओल आणि वाळवी यांचे नाते निकटचे आहे. कामकरी वाळवीचे कवच पातळ असल्याने उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणूनच ती जमिनीपासून लाकडापर्यंत मातीच्या बोगद्यांतून ये-जा करते. जोत्यावर पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसणे किंवा चौकट ठोकल्यावर पोकळ आवाज येणे, ही तिची प्रमुख लक्षणे होत.

उपचार कारणावर हवेत. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे. बागेची माती वाढत वाढत जोत्यावर चढली असल्यास ती उपसावी. भोवती पाऊण ते एक मीटर रुंद, बाहेर उतरती फरसबंदी करावी आणि पन्हळीचे पाणी दूर सोडावे. सरपण, जुने पुठ्ठे, कुंड्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत. नवे घर बांधताना जोत्याच्या पातळीवर ओलप्रतिबंधक थर घालण्यात काटकसर करू नये. जुन्या भिंतीचा खराब गिलावा काढून, ती उन्हाळ्यात वाळू देऊन चुन्याचा गिलावा करणे हिताचे.

वाळवीनाशक औषध हा त्यानंतरचा उपाय. उभ्या इमारतींसाठी त्याची पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. आपल्याकडे विहीर बहुधा घरालगतच असते; तेव्हा औषध तिच्यात झिरपणार नाही याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. एकेकाळी सर्रास वापरले जाणारे आल्ड्रिन आज आपल्या देशात बंद आहे, ही गोष्टही विसरू नये.

हा विषय स्मरणिकेत का, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दमट घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी व दमा अधिक आढळतो, हे तीत नमूद आहे. तेव्हा वारंवार खोकणाऱ्या रुग्णाला औषध लिहून देताना, त्याच्या खाटेमागची भिंत कोरडी आहे का, एवढा एक प्रश्न आपण अवश्य विचारावा. तोच प्रश्न येत्या मे महिन्यात स्वतःच्या घरालाही विचारावा.