नजर चेंडूवर, पण कुठपर्यंत?

वालचंदनगर, जंक्शन, लासुर्णे या पट्ट्यात पोराच्या हातात बॅट दिसली की ती क्रिकेटचीच असणार, असं आपण धरून चालतो. पण महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल कितीतरी वर्षांपासून आहेत. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, अशी त्याची चढण असते. पुणे विभागात सोलापूर आणि अहिल्यानगरही येतात, त्यामुळे एक सामना खेळायचा तर पहाटे उठून गाडी धरायची. अमेरिकेत याच वयाची मुलं खासगी संघांतून गावोगाव हिंडतात, त्याला तिथे ट्रॅव्हल बेसबॉल म्हणतात. तिथे एका शनिवार-रविवारात तीन-चार सामने होऊन जातात. आपल्याकडे स्पर्धा बहुतेकदा बाद पद्धतीची. पहिला सामना हरलात की परत गावाकडे. म्हणजे दिवसभराच्या धावपळीनंतर एखाद्या मुलीच्या वाट्याला बॅटिंगच्या दोन-तीन संधी येतात. इतक्या थोड्या संधींत डोकं कसं चालवायचं, याबद्दल मैदानाच्या कडेला जे सल्ले ऐकू येतात, त्यांतले बरेचसे चुकीचे असतात.

सगळ्यात लाडका सल्ला: ‘बॅटला लागेपर्यंत चेंडूवरची नजर हलवू नको.’ हे माणसाच्या डोळ्यांना जमतच नाही. टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये हिटरच्या, म्हणजे बेसबॉलच्या फलंदाजाच्या, डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवल्या. व्यावसायिक खेळाडूचीही नजर होम प्लेटच्या अलीकडे साधारण साडेपाच फुटांवर चेंडूच्या मागे पडली. त्यापुढे चेंडूचा वेग डोळ्यांना झेपत नाही. क्रिकेटची गोष्ट वेगळी नाही. २००० मध्ये लँड आणि मॅकलाउड या संशोधकांनी फलंदाजांचा असाच अभ्यास केला. त्यात दिसलं की चेंडू सुटताना फलंदाज पाहतो, मग त्याची नजर उडी मारून टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते, आणि चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. थोडक्यात, पाहायचं ते सुरुवातीला: पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, हात, चेंडू सुटण्याची जागा, पहिले काही फूट. शेवटच्या क्षणी डोळे फाडून काही हाती लागत नाही.

यातूनच दुसरा गैरसमज सुटतो, की मोठे हिटर म्हणजे विजेसारख्या चपळाईची माणसं. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांच्यात १८.४४ मीटर अंतर असतं. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू हातातून सुटल्यापासून सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर पोचतो. त्यातले जवळपास ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातात. उरलेल्या वेळात ओळखायचं, ठरवायचं आणि हालचाल सुरू करायची. निव्वळ चपळाईवर हे होत असतं, तर २००४ साली एका प्रदर्शनीय सॉफ्टबॉल सामन्यात सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंचने अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलच्या दिग्गजाला बाद केलंच नसतं. तिचा चेंडू प्लेटपर्यंत यायला बेसबॉलइतकाच वेळ घेत होता. फरक इतकाच की हात खालून येत होता, आणि वर्षानुवर्षं डोक्यात साठलेल्या ओळखीच्या खुणा पुहोल्सच्या कामी आल्या नाहीत. मुलांनी जमवायची आहे ती ही खुणांची शिदोरी. ती भरपूर चेंडू पाहूनच जमते, मारून असो की सोडून असो.

‘क्रिकेट येतं ना, मग बेसबॉल काय अवघड?’ असं म्हणणाऱ्यांना मी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची आठवण करून देतो. उत्तर प्रदेशातले हे दोघे भालाफेकपटू २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने त्यांना करारबद्ध केलं. दोघेही पिचर म्हणून. फेकण्याची ताकद एका खेळातून दुसऱ्यात नेता आली. कोणी त्यांना हिटर करायला निघालं नव्हतं. बेसबॉलची बॅट गोल, जास्तीत जास्त ६.६ सेंटिमीटर जाड, आणि चेंडूचा व्यास त्याहून थोडा मोठा. गोलावर गोल नेमका बसवायचा, काही मिलिमीटर वरखाली झालं की चेंडू आभाळात नाहीतर पायाशी. इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटर केसिंग बनवणाऱ्या वालचंदनगरला मिलिमीटरचं महत्त्व सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. खंबीर मन म्हणजे जोश, दात-ओठ खाणं, ‘येईल तो चेंडू उडव’, हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो. बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने स्ट्राइक झोनचे, म्हणजे मारण्याजोगा चेंडू ज्या चौकटीतून जातो तिचे, ७७ चेंडूंएवढे भाग पाडले, आडवे सात आणि उभे अकरा, आणि प्रत्येक जागी आपली सरासरी काय राहील ते लिहून ठेवलं. मधल्या आवडत्या जागी .४००, म्हणजे दहात चार हिट. खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. माणूस तोच, बॅट तीच, फक्त चेंडू निवडण्यात एवढा फरक. त्याने १९४१ चा हंगाम .४०६ ने संपवला. पण मला त्याचा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: कारकीर्दीत तो शंभरात अठ्ठेचाळीस वेळा बेसवर पोचला, आणि त्यात न मारता सोडलेल्या चेंडूंचा वाटा मोठा होता. चार ‘बॉल’, म्हणजे झोनबाहेरचे चेंडू, सोडले की चालत पहिला बेस मिळतो, हे आपल्याकडच्या पोरांना पटवणं महाकठीण. सोडणं म्हणजे भित्रेपणा वाटतो.

जंक्शनच्या थांब्यावर बारामतीला जायचं ठरवून उभा असलेला माणूस इंदापूरची गाडी आली म्हणून हात दाखवत नाही. हिटरचं तसंच: कुठला चेंडू आपला, हे पिचरचा हात वर जाण्याआधी ठरलेलं हवं. दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र, तिसऱ्याला बाद होणार म्हणून, निवड सैल करावी लागते, तेव्हा जवळपास येणारं सगळं आपलं.

हे क्रिकेटच्या भाषेत हवं असेल तर जानेवारी २००४ ची सिडनी कसोटी आठवा. त्या मालिकेत आधीच्या पाच डावांत सचिनच्या धावा ०, १, ३७, ० आणि ४४. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू मारताना तो बाद होत होता. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ बंदच केला आणि नाबाद २४१ काढल्या.

‘कोपर वर! खांदा आत! पाय!’ हा मैदानाबाहेरचा गजर आणखी एक घात. संशोधक रॉब ग्रे यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनुभवी हिटरना स्वतःच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावलं, तेव्हा त्यांचा खेळ बिघडला. नवख्यांचं उलट झालं: लक्ष दुसरीकडे वळवल्यावर ते चुकले. म्हणून कोपराचा धडा नव्याला द्यायचा, तोही सरावात. सामन्यात चेंडू सुटल्यावर ओरडलेला शब्द मुलीच्या कानापर्यंत पोचून समजेपर्यंत निर्णयाची वेळ टळलेली असते. दोन चेंडूंच्या मधला वेळ तेवढा आपला. तेव्हा हिटरच्या चौकटीबाहेर यावं, एक लांब श्वास सोडावा. इव्हान लाँगोरियासारखा मोठा खेळाडूही मैदानातल्या फाउल पोल नावाच्या खांबाकडे पाहून मन ठिकाणावर आणत असे.

‘दोनदा आउट झाली, हिच्या डोक्यात दमच नाही’ हा निकाल तर परतीच्या गाडीतच लागतो. ज्या खेळात दहापैकी तीन हिट करणारा चांगला गणला जातो, तिथे दोन संधींवरून काहीच कळत नाही. क्रीडाशिक्षकांना एक सुचवतो. स्कोअरच्या वहीत हिट आणि आउटशेजारी एक रकाना जास्त आखा: मारायला हवा होता तो मारला का, सोडायला हवा होता तो सोडला का. प्लेटवर न जाता बाकावर बसलेल्या मुलीला पेन्सिल देऊन हा रकाना भरायला सांगा. पिचरचा हात तिलाही पाहावा लागेल.