निळा पासपोर्ट

आमच्या वाड्यात तळमजल्यावर एक गुजराती वृद्धा राहतात. सारा वाडा त्यांना ‘बा’ म्हणतो. गेल्या दिवाळीत त्यांची ट्रंक माळ्यावरून उतरवून देताना गडद निळ्या पुठ्ठ्याचा, एक कोपरा कातरलेला पासपोर्ट माझ्या हाती आला. वर ब्रिटनचे राजचिन्ह, आत नैरोबीच्या एका तरुणीचा फोटो. ‘‘बा, तुम्ही इंग्रज की काय?’’ मी थट्टेने विचारले. ‘‘कागदावर,’’ त्या म्हणाल्या. त्या एका शब्दापायी मी ग्रंथालयात जाऊन बसलो. तेथे जे वाचले ते येथे मांडतो.

केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. तेथील हिंदी लोकांना केनियाचे नागरिकत्व मागण्यास दोन वर्षांची मुदत मिळाली. व्यापारी, गवंडी, सरकारी कचेऱ्यांतले गोवेकर कारकून असे अनेकजण बिचकले व ब्रिटिश पासपोर्टवरच राहिले. १९६७ मध्ये परकीयांना नोकरीसाठी व धंद्यासाठी परवाने सक्तीचे झाले, तेव्हा या मंडळींनी ब्रिटनची वाट धरली. ब्रिटिश पार्लमेंटने घाईघाईने कायदा बदलला व १ मार्च १९६८ रोजी तो अमलात आला. ज्याचे आईवडील वा आजीआजोबा ब्रिटनचे, त्याला प्रवेश मोकळा. इतरांनी व्हाउचर घ्यावे. केनियातल्या गोऱ्यांना ही अट सहज पुरी करता येई, हे वेगळे सांगायला नको.

व्हाउचरे किती? सर्व कुटुंबप्रमुखांना मिळून वर्षाला १,५००. पुढे १९७१ मध्ये ३,००० व १९७५ मध्ये ५,००० झाली. आपल्याच नागरिकाला साफ ‘नाही’ म्हणणे सरकारला अवघड होते; ‘थांबा’ म्हणणे मात्र सोपे होते. माझ्या मते ही रांग म्हणजे लांबवलेला नकारच. काहीजण व्हाउचरशिवाय विमानात चढले. लंडनने परत धाडले, आफ्रिकेने उतरू दिले नाही, आणि ते विमानतळांमागून विमानतळ हिंडत राहिले. वृत्तपत्रांनी त्यांना ‘शटलकॉक’ हे नाव दिले.

रांग खरोखर अटळ होती काय? ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना देश सोडण्यास नव्वद दिवस दिले, आणि त्याच ब्रिटनने काही महिन्यांत सुमारे २८,००० माणसे घेतली. कुठल्याच देशाचे नागरिक नसलेले ऑस्ट्रिया, इटली, माल्टा येथील छावण्यांत अडकले. कित्येक घरांत बायको ब्रिटनमध्ये आणि नवरा छावणीत, अशी ताटातूट झाली.

ब्रिटनमध्ये आधी पोचलेले स्वस्थ बसले नव्हते. युगांडात जन्मलेले प्रफुल्ल पटेल (आपल्याकडचे राजकारणी नव्हेत) सरकारच्या युगांडा पुनर्वसन मंडळावर होते. स्थलांतरितांची बाजू मांडणारी जॉइंट कौन्सिल १९६७ पासून काम करीत होती. ३१ जणांची तक्रार युरोपच्या मानवी हक्क आयोगापुढे गेली. डिसेंबर १९७३ मध्ये आयोगाने नमूद केले की, वंशावरून असा प्रवेश नाकारणे ही माणसाची अवहेलना आहे. तो अहवाल १९९४ पर्यंत बंद कपाटात राहिला!

आता बांकडे येतो. त्या १९६९ मध्ये आईवडिलांबरोबर मुंबईस आल्या व रांगेत राहिल्या. मधल्या काळात त्यांचे एका हिंदी नागरिकाशी लग्न झाले. वडिलांना व्हाउचर मिळाले. ते आईला व धाकट्या भावाला घेऊन लेस्टरला गेले. बांना मात्र मिळाले नाही, कारण व्हाउचर कुटुंबप्रमुखालाच मिळे आणि विवाहित स्त्री कुटुंबप्रमुख नसे. विधवा असेल, किंवा नवरा कायमचा अपंग असेल, तरच. ‘‘खिडकीवरच्या बाबूने विचारले, नवरा धडधाकट आहे ना? मी म्हटले, देवाच्या दयेने. तेवढ्यात अर्ज परत!’’ बा हे हसत सांगतात.

अशाच एका बाईचा मुंबईतला अर्ज लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला होता. १९८३ मध्ये बहुमताने निकाल लागला की, व्हाउचर देणे ही काही ‘सेवा’ नव्हे. म्हणून स्त्रीपुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा तिला लागू नाही. तो निकाल ऐकून बांनी नाद सोडला व हिंदी नागरिकत्व घेतले. पासपोर्टचा कोपरा कातरला गेला तो तेव्हा.

व्हाउचर योजना मार्च २००२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने दुसरे नागरिकत्व नसलेल्या अशा ब्रिटिश पासपोर्टधारकांना पूर्ण नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क दिला. बांचे नागरिकत्व तोवर बदललेले. १९९१ मध्ये वडील लेस्टरला वारले, तेव्हा बांचा भेटीचा व्हिसा तेराव्यानंतर दोन दिवसांनी आला. त्या गेल्याच नाहीत.