सेन्सर गेला, की वायर?

बारामती-इंदापूर पट्ट्यात इंजिनचा पिवळा दिवा लागलेली गाडी गॅरेजात आली, की स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचं नाव उमटतं आणि निकाल लागतो: सेन्सर गेला. गाडीवाल्याचा संशय वेगळाच असतो. त्याला वाटतं, वीस टक्के इथेनॉलनं घात केला. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांच्या परिसरात हे ऐकताना थोडी गंमत वाटते. ज्या उसाच्या बिलावर गाडी आली, त्याच उसावर आळ! माझ्या मते दोन्ही निकाल घाईचे आहेत, आणि कोड नीट वाचला तर तोच ते खोडून काढतो.

पी०१७१ हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय असं सांगतो. पी००३१ मात्र सेन्सरच्या हीटर सर्किटबद्दल आहे. पहिल्यात इंधनाचा संबंध असू शकतो, दुसरा मामला निव्वळ विजेचा. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९, आणि वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर बेतलेल्या इंजिनाला जवळपास ९ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. सेन्सर शाबूत असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ते आपणहून सोडतो आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा आकडा तेवढा चढलेला दिसतो. अॅव्हरेज घटल्याची तक्रार खरी आहे, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचीही असेल. पण इथेनॉल हीटरची वायर तोडत नाही.

वायर तुटते ती सायलेन्सरच्या धगीनं, उंदरांनी कुरतडल्यानं किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिन हिरवी पडल्यानं. सेन्सरमधलं झिर्कोनिया तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून हीटर. आधी फ्यूज पाहायचा, मग कनेक्टर सोडवून हीटरचा ओम मोजायचा. थंड असताना काही ओम दाखवले तर हीटर जिवंत. काहीच दाखवलं नाही तर सेन्सर खरोखर गेला. त्यानंतर चावी ऑन करून सप्लायच्या पिनेवर व्होल्टेज बघायचं, आणि इथेच बरेच जण फसतात. वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर बिनदिक्कत १२ दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. त्याच पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडावा. बल्ब मिणमिणला आणि मीटरचा आकडा कोसळला, की चोर सापडला. मग ईसीयूकडे जाणारी वायर दोन्ही टोकं सोडवून तपासायची.

यावर मेकॅनिकचं म्हणणं असतं, गिऱ्हाईक थांबत नाही, आणि सेन्सर बदलला की दिवा जातोच. कधीकधी जातो, हे खरं. पण कनेक्टर काढून घालताना पिन घासली जाते, त्यामुळेही तो जातो आणि काही दिवसांनी परत लागतो. शिवाय ओम मोजायला जेमतेम मिनिट लागतं. वेळेची सबब इथे टिकत नाही. स्वस्तातला सेन्सर आणून जुन्या कनेक्टरला तारा पिळण्याची पद्धत तर आणखी घातक. बॉशच्या अनेक वाइडबँड सेन्सरमध्ये त्या त्या सेन्सरपुरता जुळवलेला रेझिस्टर कनेक्टरमध्येच असतो. कनेक्टर कापला, की नव्या सेन्सरला जुन्याचं माप लागतं आणि मिश्रणाचा आकडाच चुकतो.

कोड पुसून गाडी लगेच हवाली करण्यातही अर्थ नाही. अनेक गाड्यांत दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच दिवा पेटतो, आणि हीटरची खरी परीक्षा इंजिन थंड असताना होते. म्हणून गाडी रात्रभर ठेवून सकाळी सुरू करावी, भिगवणपर्यंत चालवून आणावी आणि मगच स्कॅनर पुन्हा जोडावा.