एआयच्या सारांशात 'दुसरा श्रावणी सोमवार' : उज्जैनच्या हॉटेलवाल्यांनी कोणती तारीख धरायची?

उज्जैन : 'महाकाल लोक' 11 ऑक्टोबर 2022 रोजी खुले झाले, तेव्हापासून इथे भाविकांची गर्दी बरीच वाढली. 2028 मध्ये सिंहस्थ आहे, म्हणजे ती आणखी वाढणार. खोल्या आणि गाड्यांच्या चौकशा व्हॉट्सअ‍ॅप, फोन, ईमेल, बुकिंग साइट अशा चारही वाटांनी येतात. सगळे मेसेज वाचत बसले तर गिऱ्हाइकाला फोन लावायचा कधी? मॅनेजरचे हे वाचन एआयवर सोपवता येते.

पद्धत तशी सोपी आहे. सगळ्या चौकशा आधी एकाच ठिकाणी गोळा करायच्या. मोठ्यांकडे त्यासाठी सीआरएम सॉफ्टवेअर असते, छोट्यांचे काम साध्या गुगल शीटवरही भागते. मग ठरलेल्या वेळी, समजा रोज सकाळी 8 वाजता, मागच्या 24 तासांतले मेसेज आपोआप एआयकडे जातात. सोबत पक्की सूचना असते : किती जण, कधी येणार, किती खोल्या, बजेट काय, आधी फोन कोणाला करायचा. चार-पाच ओळींचा सारांश मॅनेजरच्या मोबाइलवर येतो. कोणालाही बटण दाबावे लागत नाही.

घोळ होतो तो तारखेत, आणि जळगाव-धुळे-नंदुरबारच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत तर हमखास होऊ शकतो.

समजा, 2025 च्या जूनमध्ये भुसावळहून मेसेज आला : 'दुसऱ्या श्रावणी सोमवारी 12 जण येऊ, 4 खोल्या पाहिजेत.' महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उज्जैनकडे पौर्णिमेला. त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. त्या वर्षी उज्जैनच्या हिशेबाने दुसरा सोमवार 21 जुलैला होता, आपल्या हिशेबाने 4 ऑगस्टला. एआयने यातली कुठलीही एक तारीख ठोकून दिली तरी सारांश दिसायला चोखच दिसणार. खोल्या मात्र भलत्याच दिवशी अडकणार आणि 12 माणसे ऐन गर्दीत रस्त्यावर! महाकालाच्या सवाऱ्या दोन्ही श्रावण सांभाळतात. 2025 ची शेवटची सवारी 18 ऑगस्टला निघाली, तेव्हा उज्जैनचा भाद्रपद लागला होता आणि आपला श्रावण चालू होता. म्हणजे सवारी आहे का, एवढे पाहूनही चूक पकडता येत नाही.

म्हणून एआयला दिलेल्या सूचनेतच लिहायला हवे : गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे ठेव, तिथी, सण, 'पुढचा आठवडा' यांची तारीख स्वतः काढू नको, माहिती नसेल तिथे 'सांगितले नाही' असे लिही. सारांशातल्या प्रत्येक नावाला मूळ मेसेजची लिंक जोडलेली हवी. इंग्रजी तारीख गिऱ्हाइकाकडून पक्की झाल्याशिवाय खोली अडवायची नाही आणि आगाऊ रक्कमही घ्यायची नाही. विकणारे वेळ किती वाचतो तेच सांगतात. या दोन मिनिटांच्या फोनचा हिशेब कोणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट आधार कार्डाच्या फोटोंची. गिऱ्हाईक ते बिनधास्त पाठवते. सारांशासाठी त्यांची काहीच गरज नाही, त्यामुळे ते एआयकडे जाणार नाहीत अशी सोय आधीच करून घ्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सॉफ्टवेअर दुसऱ्याचे असले तरी जबाबदारी हॉटेलवाल्याचीच राहते.