कानाला दडे बसलेत? आधी कारण ओळखा

👂 घाट उतरताना किंवा विमान खाली येताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, कानाच्या पडद्याच्या आतला मात्र कमीच राहतो. तो सारखा करते नाकामागून मधल्या कानापर्यंत जाणारी युस्टेशियन नलिका. मोठ्या माणसात ती जेमतेम 3.5 सेंटीमीटरची. एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. म्हणून आवंढा गिळा, गोळी चघळा. तान्ह्या बाळाला विमान उतरताना पाजा. सर्दीत नलिका सुजते, तेव्हा नाक दाबून जोर लावू नका.

🚿 आंघोळीनंतर एकदम दडा बसला? बहुधा मळ पाण्याने फुगलाय. इअरबड किंवा हेअरपिन घातली की तो आणखी आत सरकतो. मळ मऊ करणारे थेंब डॉक्टरांना विचारून घाला. पण पडद्याला भोक असेल, कान वाहत किंवा ठणकत असेल, तर परस्पर काहीच नको, तेलही नाही.

🚨 सर्दी नसताना एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. दुखणं आतल्या कानाचं असू शकतं, आणि त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच नीट लागू पडतात.