विश्लेषण : जालन्याचे पाणी नेमके किती माणसांसाठी?

वर्ष २०१९. मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि गावोगावी टँकर कमी पडत होते. पाण्याचा हिशेब २०११च्या जनगणनेवर चालला होता. अखेर तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०१८ची लोकसंख्या आणि जनावरे धरून टँकर देण्याच्या सूचना केल्या. जालन्यासारख्या जिल्ह्यात माणसे मोजणे हा थेट हंड्याचा प्रश्न कसा होतो, ते यातून दिसते.

आकडे काय सांगतात?

२०११मध्ये जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार ४६ होती. आधीच्या दहा वर्षांत ती २१ टक्क्यांहून अधिक वाढली. त्याच काळात राज्याची वाढ सुमारे १६ टक्के होती. शहरात तेव्हा २ लाख ८५ हजार ५७७ लोक होते. २०२१ची जनगणना झालीच नाही. २०२३मध्ये जालन्याची नगरपालिका महापालिका झाली, पण अधिकृत आकडा जुनाच राहिला. राज्यात अन्नसुरक्षा कायद्याच्या रेशनची सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादाही २०११च्याच आकड्यांवर बेतलेली आहे.

शहरात कोण आले?

भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या कारखान्यांमुळे जालना ‘स्टील सिटी’ म्हणून मिरवते. भट्टीपुढच्या धगीत काम करणारे अनेक हात बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून आलेले असतात. ही माणसे जालन्यात राहतात याची देशाला जाणीव झाली ती ८ मे २०२० रोजी. टाळेबंदीत जालन्याहून रुळांवरून चालत गावाकडे निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले.

आणि गेले कोण?

अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, म्हणजे हिशेबात दोन माणसांचा एकच आकडा! लहान मुलेही बरोबर जातात. गावात उरतात ती म्हातारी माणसे. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाजवळच्या कोपीत चार-पाच महिने काढून टोळी परतते.

जनगणनेत त्यांना कुठे मोजतात?

गेल्या वेळी प्रत्यक्ष शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि शिरगणती फेब्रुवारीतच ठरली आहे. नियम असा की, मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसतो त्याची नोंद तो जिथे असेल तिथे व्हायची. फेब्रुवारीत ऊसतोड बहुधा सुरूच असते. त्यामुळे मंठ्याच्या तांड्यावरचे कुटुंब सांगली-कोल्हापूरच्या लोकसंख्येत जाते, नाहीतर प्रगणक कोपीपर्यंत पोहोचलाच नाही तर कुठेच नाही. ते गावी परतते मार्च-एप्रिलमध्ये, नेमके विहिरी आटून टँकरचे प्रस्ताव तहसीलला जातात तेव्हा. ग्रामीण भागासाठी माणशी रोजचे ५५ लिटर हा निकष आहे. शंभर कोयते परतले तर मुले न धरताही दिवसाला ११ हजार लिटर जादा लागतात.

मग बाहेरच्यांमुळे शहराचे पाणी संपते का?

नळाला आठवडा-आठवडा पाणी आले नाही की असे बोलले जाते. हिशेब मात्र वेगळा आहे. शहरी निकष माणशी १३५ लिटरचा. २०११च्या लोकसंख्येला त्यानुसार रोज सुमारे ३ कोटी ८५ लाख लिटर लागतात. दहा हजार मजूर आले तर आणखी साडेतेरा लाख लिटर, म्हणजे साडेतीन टक्के. पाणीपुरवठ्याच्या निकषांत गळतीसाठी १५ टक्क्यांपर्यंत सूट धरलेली असते. तेवढ्या पाण्यात ४२ हजारांवर लोकांची गरज भागली असती. २०१२-१३च्या दुष्काळात निजामकाळातला घाणेवाडी तलाव कोरडा पडला तो पावसाअभावी. नंतर पैठणहून जायकवाडीचे पाणी आले, पण त्या धरणावर छत्रपती संभाजीनगर, उद्योग आणि शेती यांचाही हक्क आहे, आणि ते भरणे बरेचसे नाशिक-अहिल्यानगरच्या वरच्या धरणांवर अवलंबून असते.