चमक फसवते, कस सांगतो

धातूसारखी चमक असलेल्या खनिजाचा रंग प्रथम डोळ्यांत भरतो. परंतु हवा आणि ओलावा यांमुळे पृष्ठभाग काळवंडत वा गंजत असल्याने ओळखीसाठी तो फारसा भरवशाचा नसतो. म्हणून खनिजविज्ञानात ‘कस’, म्हणजे खनिजाच्या बारीक चूर्णाचा रंग, पाहिला जातो. सोनार कसोटीवर सोन्याची रेघ ओढतो, त्याचप्रमाणे पांढऱ्या टाइलच्या मागच्या, झिलई नसलेल्या बाजूवर खनिज घासले की हा रंग उमटतो.

हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट ही दोन्ही लोहखनिजे काळसर दिसू शकतात. मात्र गोव्यात व सिंधुदुर्गातील रेडी येथे आढळणाऱ्या हेमॅटाइटचा कस गेरूसारखा तांबूस येतो, कारण गेरूचा रंगही याच खनिजाचा असतो, तर मॅग्नेटाइटचा कस काळा असून ते लोहचुंबकाला चटकन चिकटते.

कसानंतर कठिनता, म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, तपासावी. फ्रिडरिक मोस यांनी 1812 मध्ये मांडलेल्या 1 ते 10 अंशांच्या श्रेणीत नखाची कठिनता सुमारे 2.5 आणि पोलादी चाकूची सुमारे 5.5 असते. सोन्याचा भास निर्माण करणाऱ्या पायराइटवर (6 ते 6.5) चाकूचा ओरखडा उठत नाही, तर त्याच्यासारख्याच पिवळ्या कॅल्कोपायराइटवर (3.5 ते 4) तो सहज उठतो. या दोहोंचा कस हिरवट काळा येतो व ती ठोकल्यास फुटतात. सोन्याचा कस पिवळाच येतो आणि ते ठोकल्यास पसरते.

तिसरी कसोटी विशिष्ट गुरुत्वाची, म्हणजे खनिज तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे याची. कोरड्या खनिजाचे वजन करून घ्यावे. मग पाण्याने भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले खनिज तळाला वा कडेला न टेकता त्यात पूर्ण बुडवावे. पहिल्या वजनाला आता दिसणाऱ्या आकड्याने भागले की उत्तर मिळते: पायराइटचे सुमारे 5, शिशाच्या गॅलेना या खनिजाचे सुमारे 7.5 आणि ग्रॅफाइटचे केवळ 2.2.

गॅलेनात सुमारे 87 टक्के शिसे असल्याने अनोळखी खनिज चाखू नये, त्याची पूड हुंगू नये आणि हात धुवावेत. पायराइट तापवल्यास गंधकाचा विषारी वायू निघतो, म्हणून ते विस्तवावर धरू नये. एकाच परीक्षेवर न विसंबता ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर सर्व परीक्षा करून त्यांची नोंद ठेवली, तर निष्कर्ष डोळ्यांच्या भासावर नव्हे, परस्परांना दुजोरा देणाऱ्या पुराव्यांवर उभा राहतो.